४०० केव्ही लाइन चार्ज करताना उसळणारा विद्युतदाब : कारणे, आकडेमोड आणि कामाचा क्रम

अतिउच्चदाब उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला वीज कोसळल्याने होणाऱ्या सर्जची, म्हणजे दाबाच्या क्षणिक उसळीची, कल्पना पहिल्या दिवसापासून असते, कारण आकाशातील वीज दिसते, तिचा आवाज येतो आणि तिच्यासाठी उभारलेली शील्ड वायर (वाहकांच्या वर ताणलेली संरक्षक तार) व अरेस्टर (जास्तीचा दाब जमिनीकडे वळवणारे साधन) डोळ्यांसमोर असतात. ब्रेकर बंद किंवा उघडा करताना आपल्याच हाताने लाइनवर जो सर्ज निर्माण होतो, त्याच्याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष एखादा इन्सुलेटर फुटल्यावर किंवा सीव्हीटी (दाब मोजणारा कपॅसिटिव्ह व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) जळाल्यावरच जाते. २२० केव्हीपर्यंतच्या लाइनचे इन्सुलेशन प्रामुख्याने विजेच्या सर्जवरून ठरते. ४०० केव्हीपासून स्विचिंगचा सर्ज त्याच्या बरोबरीला येतो आणि ७६५ केव्हीला तर टॉवरच्या खिडकीची (वाहकाभोवतीच्या मोकळ्या जागेची) रुंदी बव्हंशी तोच ठरवतो. म्हणून या लेखात ४०० केव्हीची सुमारे ३०० किलोमीटर लांबीची, ट्विन मूस वाहक (दर फेजला 'मूस' प्रकारच्या दोन तारा) असलेली एक नमुना लाइन घेऊन, ती चार्ज करताना, म्हणजे पलीकडचे टोक उघडे ठेवून एका टोकाने दाबाखाली आणताना, काय घडते, कोणती आकडेमोड आधी करावी आणि काम कोणत्या क्रमाने करावे, हे सविस्तर मांडले आहे. प्रत्यक्ष काम आपल्या उपकेंद्राच्या लेखी कार्यपद्धतीनुसार आणि अधिकृत व्यक्तीनेच करावयाचे आहे. त्या कार्यपद्धतीतील प्रत्येक ओळ तेथे का आहे हे कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ब्रेकर बंद होताच लाइनवर काय घडते

उघड्या टोकाची लाइन ही पन्नास हर्ट्झच्या दृष्टीने एक मोठा कपॅसिटर असली, तरी ब्रेकर बंद होण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत ती कपॅसिटरसारखी वागत नाही. त्या वेळी ती लाटेसाठी असलेला एक लांब मार्ग असते. ज्या क्षणी ब्रेकरचे संपर्क जुळतात, त्या क्षणी बसवर (उपकेंद्रातील सामायिक वाहकावर) जेवढा विद्युतदाब असेल तेवढ्या उंचीची लाट लाइनवर शिरते आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला सुमारे ३०० मीटर या गतीने, पलीकडच्या टोकाकडे धावते. आपल्या ३०० किलोमीटरच्या लाइनवर तिला तेथे पोहोचायला एक मिलिसेकंद लागतो. पलीकडचा ब्रेकर उघडा असल्याने प्रवाहाला पुढे जायला वाट नसते, म्हणून लाट त्याच चिन्हाने परावर्तित होते आणि त्या टोकाला दाब दुप्पट होतो. परतलेली लाट आणखी एका मिलिसेकंदाने आपल्या बसपाशी येते, तेथील ट्रान्सफॉर्मर आणि इतर लाइन यांच्या प्रेरकत्वावर आदळून पुन्हा उलटते, आणि हा खेळ ऊर्जा विरेपर्यंत काही आवर्तने चालू राहतो.

दाब दुप्पट होतो, पण कशाच्या दुप्पट, हा प्रश्न येथे कळीचा आहे. ब्रेकर शून्य दाबाच्या क्षणी बंद झाला तर लाट जवळपास निर्माणच होत नाही. शिखराच्या क्षणी बंद झाला तर संपूर्ण शिखरदाबाची लाट धावते. म्हणजे एकच लाइन, एकच ब्रेकर आणि तोच ऑपरेटर असूनही दोन वेळच्या चार्जिंगमध्ये उसळलेला दाब वेगवेगळा असतो. "परवा चार्ज केली तेव्हा काही झाले नाही" हा पुरावा म्हणूनच निरुपयोगी आहे. त्यात तिन्ही फेज एकाच क्षणी जुळत नाहीत. आधी जुळलेल्या फेजची लाट शेजारच्या फेजमध्ये दाब प्रवृत्त करते आणि नंतर जुळणाऱ्या फेजची सुरुवातच बिघडलेल्या पातळीवरून होते. त्यामुळे कागदावर दुप्पट येणारा दाब कोणताही उपाय नसलेल्या खऱ्या लाइनवर अडीच ते तीन पटींपर्यंत जाऊ शकतो.

पीयूचे एकक आणि आपली मर्यादा

पटीत बोलायचे तर कशाच्या पटीत, हे आधी ठरवले पाहिजे. ४०० केव्ही यंत्रणेचा कमाल चालू दाब ४२० केव्ही धरला जातो. तो फेज-टू-फेज आणि आरएमएस असतो. त्याला वर्गमूळ तीनने भागून वर्गमूळ दोनने गुणले की फेज-टू-अर्थ शिखरदाब मिळतो : ३४३ केव्ही. हाच आपला १ पीयू (पर युनिट, म्हणजे तुलनेचे एकक). ७६५ केव्हीसाठी कमाल दाब ८०० केव्ही आणि १ पीयू म्हणजे ६५३ केव्ही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पारेषण नियोजन निकषांत स्विचिंगच्या अतिदाबाची मर्यादा ४०० केव्हीसाठी २.५ पीयू आणि ७६५ केव्हीसाठी १.९ पीयू अशी दिली आहे. ४०० केव्हीच्या उपकरणांची स्विचिंग इम्पल्स सहनक्षमता फेज-टू-अर्थ १०५० केव्ही असते, म्हणजे ३.०६ पीयू. मर्यादेचे २.५ पीयू म्हणजे ८५७ केव्ही. दोहोंत सुमारे बावीस टक्क्यांचे अंतर उरते. हे अंतर नव्या, कोरड्या आणि स्वच्छ इन्सुलेटरसाठी आहे. कारखान्याच्या धुराने माखलेल्या डिस्कसाठी नाही, हे लक्षात ठेवावे.

दाब वाढला की इन्सुलेशन त्याच प्रमाणात वाढवावे, हा सरळ मार्ग येथे का चालत नाही, याचे कारण हवेच्या स्वभावात आहे. स्विचिंगची प्रमाणित चाचणी लाट २५० मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि २५०० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते. विजेची चाचणी लाट १.२ मायक्रोसेकंदांत चढते आणि ५० मध्ये निम्मी होते. सावकाश चढणाऱ्या लाटेला हवेत ठिणगीचा मार्ग पुढे पुढे सरकवायला पुरेसा अवधी मिळतो. त्यामुळे मोठ्या अंतरावर हवेची सहनक्षमता अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. दांडा आणि सपाट पत्रा यांमधील अंतरासाठी, दांडा धन असताना वापरले जाणारे प्रसिद्ध सूत्र असे आहे : अर्ध्या वेळा ठिणगी पडेल असा दाब, किलोव्होल्टमध्ये, म्हणजे ५०० गुणिले मीटरमधील अंतराचा ०.६ घात. चार मीटरला हे सुमारे ११५० केव्ही येते. अंतर आठ मीटर केले तर सहनक्षमता दुप्पट न होता साधारण दीडपटच होते. टॉवर रुंद करत जाणे म्हणूनच लवकर परवडेनासे होते आणि उच्च दाबाच्या लाइनवर सर्ज मुळातच दाबून ठेवावा लागतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन चार्ज होऊन दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक जोडली गेली. अशा लाइनवर १.९ पीयूची मर्यादा पाळणे ही ऐषआरामाची गोष्ट नसून त्या टॉवरच्या रचनेतच गृहीत धरलेली अट असते.

पहिले काम : आधी आकडेमोड, मग परवानगी

सर्ज हा पन्नास हर्ट्झच्या दाबावर स्वार होऊन येतो. मुळातला दाब जितका चढा, तितका शिखराचा आकडा मोठा. म्हणून चार्जिंगची परवानगी मागण्यापूर्वी स्थिर दाब किती होईल हे कागदावर काढावे. याला दहा मिनिटे लागतात.

ट्विन मूस लाइन दर किलोमीटरला साधारण ०.५५ एमव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवरचे एकक) निर्माण करते. ३०० किलोमीटरला १६५ एमव्हीएआर. दोन्ही टोकांना ४२० केव्हीवर ५० एमव्हीएआर क्षमतेचे एकेक शंट रिअॅक्टर (ही रिअॅक्टिव्ह पॉवर शोषणारे वेटोळे) आहे असे धरू. ४०० केव्हीवर ते प्रत्येकी सुमारे ४५, म्हणजे एकूण ९० एमव्हीएआर शोषून घेतील. बसवर येऊन पडतील ते उरलेले ७५. चार्ज करणाऱ्या बसची शॉर्ट सर्किट पातळी (बसच्या ताकदीचे माप) ५००० एमव्हीए असेल, जी कमकुवत बस म्हणावी लागेल, तर दाबातील वाढ ७५ भागिले ५०००, म्हणजे दीड टक्का. रिअॅक्टर नसते तर ३.३ टक्के. बस २०,००० एमव्हीएची भक्कम असती तर तेच १६५ एमव्हीएआर एक टक्काही वाढ देऊ शकले नसते. चार्जिंग भक्कम टोकाकडून करावे, हा नियम येथून येतो.

पुढचा भाग फेरांटी परिणामाचा, म्हणजे बिनभाराच्या लाइनच्या पलीकडच्या टोकाला दाब चढण्याचा. लाइनचा रिअॅक्टन्स किलोमीटरला ०.३३ ओहम धरला तर एकूण ९९ ओहम. पलीकडच्या टोकाकडे लाइनच्या निर्मितीतील अर्धा वाटा, म्हणजे ८२.५ एमव्हीएआर, या रिअॅक्टन्सवर चढण करतो. ८२.५ गुणिले ९९ भागिले १,६०,००० केले की पाच टक्के येतात. पलीकडचा रिअॅक्टर ४५ एमव्हीएआर शोषत असेल तर हीच चढण २.३ टक्क्यांवर उतरते.

आता हे एकत्र लावून पाहावे. चार्जिंगपूर्वी बस ४१८ केव्हीवर असेल, तर रिअॅक्टर असतानाही आपले टोक ४२४ आणि पलीकडचे टोक ४३४ केव्हीवर जाईल. ४२० ची मर्यादा दोन्हीकडे ओलांडली गेली. बस आधी ३९५ वर आणली तर आपले टोक ४०१ आणि पलीकडचे ४१० केव्हीवर थांबेल. बस खाली आणण्यासाठी बस रिअॅक्टर घेणे, जवळच्या जनित्रांना रिअॅक्टिव्ह पॉवर शोषायला सांगणे, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलणे, असे मार्ग असतात आणि ते भार प्रेषण केंद्राशी बोलूनच घ्यावे लागतात. महाराष्ट्रात राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे, पश्चिम क्षेत्राचे मुंबईला. आंतरराज्य लाइनसाठी ऑपरेशन कोड (भार प्रेषण केंद्राचा परवानगी क्रमांक) मिळाल्याशिवाय ब्रेकरला हात लावता येत नाही. कोड मागताना आपला अपेक्षित दाबाचा आकडा सांगितला, तर पलीकडून मिळणारा सल्लाही नेमका असतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे काम : लाइनवर काय उरले आहे ते ओळखणे

माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. पहिल्या चार्जिंगपेक्षा ट्रिपिंगनंतरचे दुसरे चार्जिंग अधिक धोक्याचे असते, आणि त्याचे कारण लाइनवर अडकून राहिलेला विद्युतभार हे आहे.

बिनभाराची लाइन उघडताना ब्रेकर कपॅसिटिव्ह प्रवाह तोडतो. प्रवाह शून्य असताना कमान (संपर्कांमधील विद्युत ज्योत) विझते, पण कपॅसिटिव्ह प्रवाह दाबाच्या नव्वद अंश पुढे असल्याने त्याच क्षणी दाब शिखरावर असतो. परिणामी लाइन ३४३ केव्ही एकदिश दाबाला भरलेली राहते. तीन फेजपैकी एकीवर दोष असून तिन्ही फेज ट्रिप झाल्या असतील, तर उरलेल्या निरोगी फेजवरचा भार १ पीयूपेक्षाही जास्त असू शकतो. आपल्या नमुना लाइनची धारिता प्रति फेज सुमारे ३.३ मायक्रोफॅरॅड येते. त्यातील ऊर्जा एका फेजला सुमारे १९० किलोज्यूल. लाइन "बंद" आहे म्हणून तिच्याजवळ जाणाऱ्याने हा आकडा पाठ करावा.

या अवस्थेत ब्रेकर पुन्हा बंद केला आणि त्या क्षणी बसचा दाब विरुद्ध चिन्हाच्या शिखरावर असला, तर संपर्कांमध्ये २ पीयू फरक असतो. दोन पीयूची लाट धावते, पलीकडे दुप्पट होऊन चार पीयूची उडी मारते, आणि उणे एकपासून सुरू झालेला दाब अधिक तीनवर जातो. हा एका फेजचा, आदर्श हिशेब आहे. तीन फेजमधील परस्परप्रभाव धरला तर आकडा साडेतीनच्या आसपास जाऊ शकतो. उपकरणांची सहनक्षमता ३.०६ पीयू असल्याचे आपण वर पाहिलेच आहे.

आता धोक्याचा मुद्दा. कंट्रोल रूममधील लाइनचा व्होल्टमीटर सीव्हीटीवर चालतो, आणि सीव्हीटी कपॅसिटरच्या साखळीवर आधारलेला असल्याने तो एकदिश दाब दाखवूच शकत नाही. लाइनवर ३४३ केव्ही अडकलेले असताना मीटर शून्य दाखवेल. मीटर शून्य आहे म्हणून लाइन रिकामी आहे, असा निष्कर्ष कधीही काढू नये. जुन्या लाइनवर वेटोळ्यांचे विद्युतचुंबकीय पीटी (दाब मोजणारे ट्रान्सफॉर्मर) असत. त्यांच्यातून हा भार एका सेकंदाच्या आत निघून जात असे. सीव्हीटी आल्यावर ती वाट बंद झाली.

लाइन आपोआप रिकामी व्हायला किती वेळ लागतो, हे हवेवर अवलंबून असते. भार इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून गळतो. कोकणात जुलैच्या पावसात तो काही सेकंदांत ओसरतो. विदर्भात मेच्या कोरड्या दुपारी तोच कित्येक मिनिटे टिकतो. लाइनवर शंट रिअॅक्टर जोडलेले असतील तर चित्र निराळे असते. रिअॅक्टर आणि लाइनची धारिता मिळून दोलन सुरू होते. आपल्या नमुना लाइनवर भरपाई ९० भागिले १६५, म्हणजे सुमारे ५५ टक्के. दोलनाची वारंवारता पन्नास गुणिले ०.५५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३७ हर्ट्झ येते. हे दोलन सीव्हीटी दाखवतो. ब्रेकरच्या दोन बाजूंमध्ये मात्र ५० आणि ३७ यांच्या फरकाने, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा, दाब फुगतो आणि ओसरतो. अशा वेळी वेळ न पाहता ब्रेकर बंद करणे हे डोळे मिटून रस्ता ओलांडण्यासारखे आहे.

त्यामुळे ट्रिपिंगनंतर हाताने पुन्हा चार्ज करायचे असेल, तर रिलेचे संकेत वाचून दोषाचे स्वरूप समजेपर्यंतचा वेळ तरी निश्चितच जाऊ द्यावा. तेवढ्या वेळात बहुतेक भार ओसरलेला असतो. संशय असल्यास आणि वेळ असल्यास दोन्ही टोकांचे आयसोलेटर (लाइन वेगळी करणारे स्विच) उघडून लाइनचा अर्थ स्विच (लाइन जमिनीला जोडणारा) लावून काढावा. त्यानंतर लाइन खात्रीने रिकामी असते. अर्थ स्विचचा इंटरलॉक सीव्हीटीच्या शून्य दाबावर चालतो, म्हणून अर्थ स्विच लावतानाही लाइनवर एकदिश भार असू शकतो असे धरूनच अंतर राखावे.

तिसरे काम : सर्ज दाबणारी साधने खरोखर जिवंत आहेत का

लांब लाइनच्या ब्रेकरला प्री-इन्सर्शन रेझिस्टर, म्हणजे पीआयआर, असतो. आपल्याकडे ४०० केव्हीला साधारणतः २०० किलोमीटरपेक्षा लांब लाइनसाठी तो देण्याची प्रथा आहे. मुख्य संपर्क जुळण्यापूर्वी ८ ते १२ मिलिसेकंद हा ४०० ओहमचा रोध मार्गात येतो. लाइनचा सर्ज इम्पिडन्स सुमारे ३०० ओहम असल्याने बसच्या दाबाची ३०० आणि ४०० अशी वाटणी होते आणि लाइनवर शिरणारी पहिली लाट १ पीयूऐवजी ०.४३ पीयूची असते. पलीकडे दुप्पट होऊनही ती ०.८६ वर थांबते. मग मुख्य संपर्क जुळून रोध बाजूला पडतो, तेव्हा उरलेल्या दाबाची दुसरी, लहान लाट जाते. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात पहिली लाट जाऊन परत यायला हवी; ३०० किलोमीटरला त्यासाठी दोन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे आठ मिलिसेकंदांचा अवधी पुरून उरतो.

पीआयआरची अडचण ही की तो मेला तरी ब्रेकर चालू राहतो. त्याचा जोडदांडा तुटला, वेळ चुकली किंवा रोध खुला झाला, तरी लाइन चार्ज होते आणि कंट्रोल पॅनेलवर कोणताही दिवा लागत नाही. मी काम केलेल्या एका उपकेंद्रात लागोपाठ तीन चार्जिंगच्या नोंदींमध्ये बी फेजचा आलेख इतर दोन फेजपेक्षा ठळकपणे खडबडीत दिसत होता. एकदा दिसले असते तर संपर्क जुळण्याच्या क्षणाचा योगायोग म्हणता आले असते, कारण फेजगणिक तो क्षण वेगळाच असतो. तीन वेळा एकाच फेजवर दिसल्यावर शटडाउन घेऊन डायनॅमिक काँटॅक्ट रेझिस्टन्स (ब्रेकर हलताना संपर्कांचा रोध मोजणारी) चाचणी केली. त्या पोलमध्ये (ब्रेकरच्या त्या फेजच्या भागात) पीआयआरचा संपर्क मुख्य संपर्काच्या आधी जुळतच नव्हता. ही चाचणी वार्षिक देखभालीत प्रत्येक पोलवर करावी आणि रोधाचे मूल्य, जुळण्याचा अवधी आणि उघडतानाचा क्रम, हे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. पीआयआर दर चार्जिंगला तापतो, म्हणून एकामागून एक प्रयत्न करताना उत्पादकाने दिलेली मर्यादा पाहावी.

दुसरे साधन नियंत्रित स्विचिंगचे, ज्याला आपण सीएसडी (कंट्रोल्ड स्विचिंग डिव्हाइस) म्हणतो. हे यंत्र बसच्या दाबाचा माग काढून प्रत्येक पोलला स्वतंत्र आज्ञा देते, जेणेकरून प्रत्येक फेज आपापल्या शून्य दाबाच्या जवळ जुळेल. फेजचे शून्य क्षण एकमेकांपासून ३.३३ मिलिसेकंद अंतरावर असतात, म्हणून तिन्ही पोलला स्वतंत्र यंत्रणा लागते. सीएसडीच्या अचूकतेवर तापमान, कंट्रोल सप्लायचा दाब आणि ब्रेकरच्या साठवण ऊर्जेची स्थिती यांचा परिणाम होतो. ते मोजून भरपाई करण्याची सोय असते, पण सेन्सर निखळलेला असला तर यंत्र चुकीच्या आत्मविश्वासाने चुकीची वेळ गाठते. ब्रेकरची दुरुस्ती झाल्यावर सीएसडीमध्ये नव्या जुळणीच्या वेळा भरल्या आहेत का, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

येथे एक गाठ आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. शून्य दाबावर ब्रेकर बंद करणे लाटेसाठी उत्तम, पण शंट रिअॅक्टरसाठी सर्वांत वाईट असते. शून्य दाबावर जोडलेल्या रिअॅक्टरच्या प्रवाहात पूर्ण एकदिश घटक येतो आणि तो हळूहळू, काही सेकंदांत विरतो. ब्रेकरमधून जाणारा पर्यायी प्रवाह मात्र लाइन आणि रिअॅक्टर यांच्या वजाबाकीइतकाच असतो. भरपाई पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त झाली की एकदिश घटक या वजाबाकीपेक्षा मोठा ठरतो आणि ब्रेकरच्या प्रवाहाला काही काळ शून्यच मिळत नाही. आपल्या नमुना लाइनवर भरपाई ५५ टक्के आहे, म्हणजे ती याच पट्ट्यात येते. चार्जिंगच्या क्षणीच एका फेजवर दोष आढळून ब्रेकरला उघडायची आज्ञा मिळाली, तर निरोगी फेजच्या पोलला कमान विझवायला शून्य सापडत नाही आणि पोल निकामी होऊ शकतो. पीआयआर हा एकदिश घटकही विरवतो, हा त्याचा एक मोठा गुण आहे. जेथे पीआयआर काढून केवळ सीएसडी ठेवले आहे तेथे भरपाईचे प्रमाण, बंद करण्याचा निवडलेला क्षण आणि संरक्षणाची आज्ञा यांचा अभ्यास झाला आहे का, हे नियोजन विभागाकडून लेखी घ्यावे.

तिसरे साधन अरेस्टर. झिंक ऑक्साइडचे अरेस्टर लाइनच्या दोन्ही टोकांना असतात. ते टोकांना दाब कापतात, पण लाइनच्या मध्यावर शिखर याहून जास्त असू शकते. त्यामुळे अरेस्टर आहे म्हणून पीआयआर नको, असे लांब लाइनवर म्हणता येत नाही. चार्जिंगपूर्वी तिन्ही फेजच्या काउंटरचे आकडे आणि गळती प्रवाह लिहून घ्यावेत. एका फेजचा गळती प्रवाह इतर दोनपेक्षा वाढत असेल, तर आतील चकत्या थकल्याचे ते लक्षण असते.

प्रत्यक्ष चार्जिंगचा क्रम

लाइनवरचे सर्व परमिट परत आले आहेत, पेट्रोलिंगच्या लोकांनी लाइन सोडली आहे आणि तात्पुरते अर्थ निघाले आहेत, याची दोन्ही टोकांना लेखी खात्री झाल्यावर अर्थ स्विच उघडावेत. मग दोन्ही टोकांचे रिअॅक्टर आणि त्यांचे न्यूट्रल रिअॅक्टर (न्यूट्रल आणि जमीन यांमधले) मार्गात आहेत का, ते पाहावे. रिअॅक्टर आयसोलेटर उघडा राहिल्याने पलीकडचा दाब आपल्या हिशेबातील २.३ ऐवजी पाच टक्के चढतो आणि वरचा सगळा कागद निरर्थक होतो. त्यानंतर दोन्हीकडचे लाइन आयसोलेटर बंद करून संरक्षण रिले, स्विच-ऑन-टू-फॉल्टची (दोषावरच ब्रेकर बंद झाल्यास लगेच ट्रिप करणारी) व्यवस्था आणि अतिदाब संरक्षणाची सेटिंग तपासावी. पहिल्या चार्जिंगसाठी ऑटोरिक्लोज (ट्रिपनंतर ब्रेकर आपोआप पुन्हा जोडणे) बंद ठेवावे. बसचा दाब ठरवलेल्या आकड्यापर्यंत आला की ऑपरेशन कोड घ्यावा, पलीकडच्या ऑपरेटरला फोनवर ठेवावे, आणि भक्कम टोकाचा ब्रेकर बंद करावा.

ब्रेकर बंद झाल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात पलीकडून तिन्ही फेजचा दाब वाचून घ्यावा. आकडा आपल्या हिशेबाशी एक-दोन टक्क्यांत जुळला तर पुढे जावे. पाच टक्के जास्त आला तर सिंक्रोनाइझ करण्याची घाई न करता रिअॅक्टरची स्थिती आधी पाहावी. पलीकडचा ब्रेकर सिंक्रोचेकमधून (दोन्ही बाजूंचे दाब जुळल्याची खात्री करून) बंद केल्यावर चार्जिंग पूर्ण होते. पलीकडे लाइनला थेट ट्रान्सफॉर्मर जोडलेला ठेवून दोन्ही एकत्र चार्ज करण्याचा मोह मोठ्या वीजबंदनंतर, कमकुवत बसवर, होतो. ट्रान्सफॉर्मरच्या इनरश (जोडताक्षणी उसळणाऱ्या) प्रवाहात शंभर हर्ट्झचा मोठा वाटा असतो आणि लांब लाइन व कमकुवत स्रोत यांची नैसर्गिक वारंवारता त्याच पट्ट्यात उतरू शकते. मग अतिदाब मिलिसेकंदांऐवजी सेकंदभर टिकतो आणि अरेस्टर तापून जातो. अशा वेळी आधी लाइन, मग तिच्यावरून ट्रान्सफॉर्मर, हाच क्रम ठेवावा.

ऑटोरिक्लोजबाबत थोडक्यात. एका फेजचा दोष असताना केवळ तीच फेज उघडून साधारण एका सेकंदाने पुन्हा जोडणे हे सर्जच्या दृष्टीने सौम्य असते, कारण दोष असलेल्या फेजचा भार दोषातूनच निघून गेलेला असतो आणि निरोगी फेज तुटलेल्याच नसतात. तिन्ही फेजचे जलद ऑटोरिक्लोज मात्र अडकलेल्या भारावर होते, आणि वर मोजलेले तीन पीयू तेथेच भेटतात. ते वापरायचे असेल तर पीआयआर किंवा अडकलेला भार ओळखणारे सीएसडी असल्याशिवाय वापरू नये.

लाइन उघडताना

उघडताना आधी कमकुवत टोक सोडावे आणि शेवटी भक्कम टोक. शेवटचा ब्रेकर शुद्ध कपॅसिटिव्ह प्रवाह तोडतो. तो तुटल्यावर अर्ध्या आवर्तनाने, म्हणजे दहा मिलिसेकंदांनी, बसचा दाब विरुद्ध शिखरावर येतो आणि संपर्कांमध्ये २ पीयू उभे राहतात. त्या वेळी संपर्कांमधील वायू तेवढा सावरलेला नसेल तर ठिणगी पुन्हा पेटते आणि दाब ३ पीयूकडे उसळतो. म्हणून लाइनच्या ब्रेकरसाठी पुन्हा पेटण्याची शक्यता अत्यल्प असलेला सी-२ वर्ग मागतात, आणि म्हणूनच एसएफ-६ चा (कमान विझवणाऱ्या वायूचा) दाब कमी असल्याचा पहिला इशारा वाजत असताना लाइन उघडू नये. आधी वायू भरावा. बसचा दाब उघडण्यापूर्वीही खाली आणावा, कारण संपर्कांमधील ते २ पीयू बसच्याच दाबातून येतात.

दोन सर्किटच्या टॉवरवर एक सर्किट उघडून त्याला रिअॅक्टर जोडलेलाच ठेवला, तर चालू सर्किटकडून येणारा प्रवृत्त दाब आणि रिअॅक्टर यांच्यात अनुनाद होऊ शकतो. भरपाई जास्त असलेल्या लाइनवर उघडल्यानंतर सीव्हीटीवर दाब ओसरण्याऐवजी टिकून राहिलेला दिसला, तर कारण बहुधा हेच असते.

नोंद

प्रत्येक चार्जिंगनंतर डिस्टर्बन्स रेकॉर्डरचा आलेख काढून ठेवावा. सीव्हीटीचा प्रतिसाद जलद लाटांना पुरेसा विश्वासू नसतो, त्यामुळे त्यातील शिखराचा आकडा अचूक मानू नये. फेजची फेजशी आणि आजच्या आलेखाची मागच्या आलेखाशी तुलना करण्यासाठी मात्र तो पुरेसा असतो. वहीत एवढे लिहावे : चार्जिंगपूर्वी आणि नंतर दोन्ही टोकांचा दाब, हिशेबातील अपेक्षित दाब, मार्गातील रिअॅक्टर, मागच्या उघडण्यापासून गेलेला वेळ, हवा कोरडी की पावसाळी, तिन्ही अरेस्टरचे काउंटर आधी व नंतर, आणि ब्रेकरच्या तिन्ही पोलच्या जुळण्यातील फरक. आंतरराष्ट्रीय मानकानुसार जुळतानाचा हा फरक पाव आवर्तनापेक्षा, म्हणजे ५ मिलिसेकंदांपेक्षा, आणि उघडतानाचा ३.३३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त नसावा. एखाद्या पोलचा फरक वर्षागणिक वाढत गेलेला दिसला, तर मर्यादा ओलांडण्याची वाट न पाहता त्या ब्रेकरचे शटडाउन पुढच्या पावसाळ्याआधी मागून घ्यावे.